गावच्या तलावाची भिंत आपली आपण कशी बघायची

गावाला नळाचं पाणी ज्या तलावातून येतं त्याच्याबद्दल आपल्याला बहुतेक एवढंच माहिती असतं की यंदा भरला का नाही. सांडवा वाहायला लागला की पोरं फोटोला जातात, जलपूजन होतं, नारळ फुटतो, आणि नंतर वर्षभर त्या भिंतीकडं कुणी ढुंकून बघत नाही, कारण ते इरिगेशनवाल्यांचं काम असं डोक्यात पक्कं बसलंय. काम त्यांचंच आहे, कायद्यानंही त्यांचंच आहे, पण एकेका शाखा अभियंत्याकडं लांबलांबचे कितीतरी तलाव असतात, चौकीदाराच्या जागा रिकाम्या पडलेल्या असतात, आणि भिंतीखाली नाल्याच्या कडेला रात्री झोपलेली माणसं मात्र आपली असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मातीच्या धरणाची तब्येत, मग तो पाझर तलाव असो, लघुपाटबंधारे तलाव असो का जरा मोठं धरण, चालत जाऊन नीट डोळ्यानं बघितलं तर साध्या माणसालाही बऱ्यापैकी कळते. दुरुस्ती आपण करायची नाही, तो आपला प्रांत नाही. बघायचं, मापायचं, लिहून ठेवायचं आणि लेखी कळवायचं, एवढंच.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. नंतर भिंत खेकड्यांनी पोखरली असं म्हणून खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि त्याचीच चर्चा जास्त झाली. पण मला त्यातली जी गोष्ट कायम टोचते ती वेगळीच आहे, गळती होतेय हे गावकऱ्यांनी आधीच बघितलेलं होतं आणि सांगितलेलंही होतं. म्हणजे धरण अचानक फुटत नाही, ते आधी दाखवतं. ते दाखवलेलं कागदावर कसं आणायचं आणि वर पोचवून त्याचा पाठपुरावा कसा करायचा, खरा प्रश्न तिथं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मातीचं प्रत्येक धरण पाझरतं, न पाझरणारं मातीचं धरण नसतं. भिंतीच्या पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा असतो, त्याला साईटवर हार्टिंग म्हणतात, तो पाणी अडवतो म्हणजे खरं तर पाण्याचा वेग एकदम कमी करतो. त्याच्या दोन्ही अंगाला मुरमाचं केसिंग म्हणजे बाहेरचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग म्हणजे लाटांपासून माती वाचवायला रचलेले दगड, आणि कोरड्या बाजूला पायथ्याशी दगडाचा टो म्हणजे दगडांचा ढीग आणि नाली. थोडंफार पाणी झिरपून त्या नालीत यावं आणि निघून जावं अशीच रचना केलेली असते. त्यामुळं नालीत पाणी दिसलं म्हणून घाबरायचं नाही. घाबरायचं ते तीन गोष्टींना. पाणी गढूळ आलं, पाणी भलत्याच ठिकाणातून आलं, किंवा तलावाची पातळी तेवढीच असताना गळती वाढली. किती गळतंय याच्या आधी काय गळतंय ते बघा. नितळ पाणी नुसतं पाणी नेतं, गढूळ पाणी भिंत घेऊन चाललंय. आतली माती कणाकणानं कोरड्या बाजूनं बाहेर पडत जाते, पोकळी मागं मागं पाण्याच्या दिशेनं सरकते, आणि ज्या दिवशी ती तलावाला भिडते त्या दिवशी हातात काही तासच राहतात, कधी तेवढेही नाहीत. याला पायपिंग म्हणतात.

कधी जायचं

दोन फेऱ्या तर पाहिजेतच, एक मे महिन्यात पाऊस यायच्या आधी आणि एक ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलाव भरलेला असताना. सरकारी तपासणी पण अशीच असते, मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर, धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये ती बंधनकारकच केलेली आहे. मे मध्ये पाणी खाली गेलेलं असतं म्हणून पाण्याच्या बाजूचं पिचिंग उघडं पडतं, तडे दिसतात, झाडं-बिळं दिसतात. पावसाळ्यानंतर गळती दिसते. याशिवाय तलाव भरत असताना आठवड्यातून एकदा, आणि सांडवा वाहत असताना रोज कुणीतरी नजर टाकून यायला हवं. नवीन तलाव पहिल्यांदा भरत असेल, किंवा मोठी दुरुस्ती होऊन पहिल्यांदा भरत असेल, तर जास्तच काळजी घ्या, कारण मातीची धरणं फुटण्याचा धोका पहिल्या भरण्यात बराच असतो. भूकंपाचा चांगला धक्का बसला तरी जाऊन यायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या काँक्रीटच्या धरणालासुद्धा वरच्या भागात तडे गेले होते आणि नंतर ते मजबूत करावं लागलं, आपली तर माती आहे.

एक महत्त्वाचं, पाऊस चालू असताना किंवा थांबल्या थांबल्या गळती मापू नका. उतारावर पडलेलं पावसाचं पाणी पण त्याच नालीत येतं आणि तुमचा आकडा फसवा होतो. चार-पाच दिवस उघडीप मिळाली की मग मापा.

सोबत काय न्यायचं तर मीटर टेप, एक लांब काठी, खुंट्या आणि रंगाचा डबा, पारदर्शक पाण्याच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या, १५ लिटरची बादली, वही आणि मोबाईल. एकट्यानं जायचं नाही. पायात बूट घाला, गवतात साप असतात. मोठ्या धरणांवर फोटो काढायला आणि भिंतीवर जायला मनाई असते तिथं परवानगीशिवाय जाऊ नका, पोलीस केस होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. हा सगळा लेख गावाजवळच्या छोट्या तलावांसाठी आहे जिथं गुरं चरतात आणि माणसं रोज येतात-जातात.

माथ्यावरून सुरुवात

भिंतीच्या एका टोकाला उभं राहून नुसतं सरळ बघा. माथ्याची रेघ सरळ दिसते का, कुठं खाली बसलीय का, पिचिंगची वरची कड कुठं पोटात गेलीय का किंवा फुगलीय का. खचलेला भाग असा तिरक्या नजरेनं पटकन कळतो, जवळ गेलं की कळत नाही. माथा बसला म्हणजे पुराच्या वेळी पाणी सगळ्यात आधी तिथून उलटणार, आणि मातीच्या भिंतीवरून पाणी उलटलं तर ती टिकत नाही, हे १०० टक्के धरून चाला. गुजरातमध्ये मोरबीला ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरणाचं असंच झालं, सांडव्याच्या ताकदीपेक्षा पूर खूप मोठा आला, मातीच्या दोन्ही बाजूंवरून पाणी गेलं आणि त्या बाजू वाहून गेल्या, खाली शहर होतं.

मग माथ्यावरून चालत जाऊन तडे बघायचे. उन्हाळ्यात काळी माती तडकते हे आपल्याला शेतातून माहितीच आहे, त्यामुळं वरवरच्या जाळीसारख्या भेगांना फार किंमत देऊ नका. काठी घालून बघा, वीतभर जाऊन थांबली तर ठीक. पण काठी आतच चाललीय, किंवा एकच लांब तडा आहे, किंवा तड्याची एक बाजू दुसऱ्यापेक्षा खाली बसलीय, तर ते गंभीर. त्यातही दिशा बघा. भिंतीच्या लांबीला धरून गेलेला तडा असेल तर उतार घसरायच्या तयारीत असू शकतो. भिंतीला आडवा, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडं गेलेला तडा त्याहून वाईट, कारण पाणी वर आलं की त्याला आयती वाट मिळते. तड्याच्या दोन्ही टोकांना रंगाची खूण करा, तारीख लिहा, दोन्ही अंगाला एकेक खुंटी ठोकून मधलं अंतर टेपनं मापा. पुढच्या वेळी वाढलं का ते लगेच कळेल, नाहीतर “मागच्या वर्षी पण एवढाच होता की” यावर वाद घालत बसाल.

माथ्यावरून रस्ता असेल तर चाकोऱ्या बघा. ऊसाचे ट्रॅक्टर आणि मुरमाचे डंपर गेले की चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचतं, मुरतं, आणि उतारावर घळी पडतात. अवजड वाहन बंद करायचा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो, त्याला पैसे लागत नाहीत.

पाण्याची बाजू आणि झाडं-बिळं

पाण्याच्या बाजूला पिचिंगचे दगड निखळलेत का, खाली सरकलेत का, मधेच खड्डा पडलाय का एवढं बघायचं. गावात बांधकामाला दगड पाहिजे म्हणून पिचिंगचे दगड उचलून नेलेले मी बऱ्याच ठिकाणी बघितलेत, कृपा करून हे थांबवा, लाटा थेट मातीला लागतात मग. आणखी एक, तलाव झपाट्यानं रिकामा केला, म्हणजे मोटारी लावून किंवा गेट पूर्ण उघडून, तर पाण्याच्या बाजूचा उतार घसरू शकतो, कारण बाहेरचं पाणी गेलं तरी मातीतलं पाणी तेवढ्या वेगानं निघत नाही आणि ओली जड माती खाली ओढते. तसं झालं असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन बघा.

झाडांबद्दल लोक भांडतात, हिरवळ आहे, सावली आहे, कशाला तोडायची. पण भिंतीवर बाभूळ, वेडी बाभूळ, कडुनिंब, पिंपळ नकोच. जिवंत झाडाची मुळं आत घुसतात, आणि झाड मेलं की मुळं कुजून आत नळीसारख्या पोकळ्या राहतात. वादळात मोठं झाड उन्मळलं तर सोबत मातीचा मोठा गोळा घेऊन जातं. घाणेरी आणि झुडपं वाढली की बिळं झाकली जातात आणि तपासणीच करता येत नाही. रोप लहान असतानाच उपटायचं. मोठं झालेलं झाड मात्र परस्पर मुळासकट उपटू नका, जेसीबी तर लावूच नका, खड्डा पडेल आणि तो नीट थरावर थर दाबून भरला नाही तर तीच कमजोर जागा होते. ते विभागाकडून करून घ्या. गवत चालतं, उलट गवतानं माती धरून राहते, फक्त ते कापलेलं पाहिजे.

उंदीर, घुशी, साळिंदर, घोरपड, खेकडे, सगळे बिळं करतात. एकटा खेकडा धरण फोडत नाही, पण ज्या भिंतीची वर्षानुवर्षं कुणी निगा राखली नाही तिथं बिळांचं जाळं वाढत जातं आणि झिरपणाऱ्या पाण्याला भिंतीतून जायला जवळची वाट मिळते. बिळ दिसलं की जागा मापून वहीत लिहा, फोटोत शेजारी टेप धरा म्हणजे आकार कळेल. वरून चिखल लिंपून गप्प बसू नका, तोंड बंद झालं तरी पोकळी आत तशीच राहते.

कोरडी बाजू, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

उतारावरून वर-खाली चालत बसण्यापेक्षा भिंतीच्या पायथ्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जा, मग उताराच्या मध्यावरून परत या. उन्हाळ्यात सगळं गवत वाळलेलं असताना एखादाच पट्टा हिरवागार दिसतोय का? लव्हाळा, पाणकणीस, अळू अशी पाणथळ जागेतली झाडं उतारावर उगवलीत का? पाय टाकल्यावर जमीन दबते का? हे सगळं आत पाणी कुठं फिरतंय त्याचा नकाशाच असतो आणि तो फुकट मिळतो. पायथ्याला ओल असणं वेगळं आणि उताराच्या अर्ध्या उंचीवर ओल असणं वेगळं, दुसरी गोष्ट दिसली तर लगेच कळवायची, कारण आतली पाण्याची रेघ असायला पाहिजे त्याच्या वर आलीय.

भिंतीची दोन्ही टोकं, जिथं ती डोंगराला किंवा टेकाडाला मिळते, तिथं पण बघा, गळतीला हा सांधा आवडतो. आणि भिंतीच्या पुढं शंभर-दोनशे मीटरपर्यंतची शेतं पण फिरून या. शेतकऱ्यांना विचारा की नवीन पाझर कुठं सुटलाय, कुणाच्या विहिरीचं पाणी एकाएकी वाढलंय. पायथ्यापुढच्या जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत असेल आणि त्याच्या तोंडाभोवती बारीक वाळूचं गोल वारूळ तयार झालं असेल तर तो लाल बावटा आहे, पायाखालची माती निघायला लागलीय.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे विमोचक, पाणी सोडायची मोरी जिथं भिंतीच्या पोटातून आरपार जाते ती. काँक्रीट किंवा पाइप आणि माती यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही आणि पाणी त्या पाइपाच्या कडेकडेनं वाट शोधतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं त्याची सुरुवात पण तिथंच झाली होती. काम पूर्ण व्हायच्या आधी धरण भरलं, विमोचकाच्या मोऱ्यांना इजा झाली आणि त्याच्या वरची मातीची भिंत खचत गेली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा वर ठेवायचा प्रयत्न केला, तरी सकाळी धरण गेलं, त्याच्या लोंढ्यानं दुपारी खडकवासला गेलं आणि पुण्याची नदीकाठची पेठ न पेठ पाण्यात गेली. म्हणून विमोचकाच्या तोंडाशी उभं राहून बघा, पाणी मोरीच्या आतून येतंय का बाहेरच्या कडेनं. आतून थोडं येत असेल तर गेटचं सील गेलं असेल, ती दुरुस्ती सोपी असते. कडेनं येत असेल तर तो वेगळाच विषय, त्याच दिवशी फोन करा. मोरीच्या बरोबर वर माथ्यावर आणि उतारावर खळगा पडलाय का तेही बघायला विसरू नका.

गळती मापायची कशी

पायथ्याच्या नालीत बऱ्याच ठिकाणी व्ही नॉच बसवलेला असतो, इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडलेली पत्र्याची पट्टी. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते मापायचं, पण पट्टीच्या अगदी जवळ नाही तर थोडं मागं, कारण खाचेपाशी पाणी वाकून खाली गेलेलं असतं. काटकोनी खाच असेल तर ५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाणी जातं आणि १० सेंटिमीटरला जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीपेक्षा जास्त होतं, हे लक्षात ठेवा, कारण “दोन-तीन बोटंच तर वाढलंय” असं म्हणून इथंच फसगत होते.

नॉच नसेल तर नालीला छोटा बांध घालून एका पाइपातून पाणी काढा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा, तीन वेळा घेऊन सरासरी काढा. १५ लिटरची बादली ३० सेकंदात भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. काम झाल्यावर बांध काढून टाका, नाली तुंबवून ठेवायची नाही.

त्याच वेळी तलावाची पातळी लिहायची. पाणी सोडायच्या मोरीच्या विहिरीवर किंवा सांडव्याजवळ गेजपट्टी, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारे आकडे, रंगवलेली असते, ती पुसलेली असेल तर सांडव्याच्या माथ्यापासून पाणी किती खाली आहे ते मापा. पातळीशिवाय गळतीच्या आकड्याला काही अर्थ नाही. तलाव भरला की गळती वाढणारच. पण गेल्या वर्षी पूर्ण भरलेला असताना नॉचवर ५ सेंटिमीटर होतं आणि यंदा तेवढाच भरलेला असताना ७ असेल, तर गळती सव्वादोन पटीच्या पुढं गेलीय, आणि हे तुम्ही आकड्यानिशी सांगू शकता. उलट गळती एकदम बंद झाली तरी खूश होऊ नका, पाणी दुसरीकडून जायला लागलंय का किंवा नाली तुंबून आत दाब वाढतोय का ते शोधा.

पाण्याचा गढूळपणा बघायला पारदर्शक बाटली भरून बुचाला तारीख चिकटवून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला मातीचा थर बसला असेल तर बाटलीचा फोटो काढा आणि ती बाटली फेकू नका, अधिकाऱ्यांना दाखवायला ठेवा. कोकणात आणि तांबड्या मातीच्या भागात एक फसवी गोष्ट होते, पाझराच्या पाण्यावर तांबूस लिबलिबीत साका येतो आणि तेलासारखा तवंग दिसतो. तो बऱ्याचदा लोहाच्या जिवाणूंचा असतो. काडीनं तवंग मोडून बघा, तुकडे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो जिवाणूंचा, लगेच परत जुळला तर तेल. पण शंका असली तरी बाटली भरायचीच.

सांडवा, आणि आपणच केलेले उद्योग

सांडव्याला, म्हणजे वेस्ट वेअरला, एकच काम असतं, जास्तीचं पाणी भिंतीला धक्का न लावता बाजूनं काढून देणं. आणि त्याचाच गळा आपण आवळतो. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती नाहीतर दगड-माती रचतात, मच्छीमार ठेकेदार मासे जाऊ नयेत म्हणून बारीक जाळ्या लावतात आणि पुरात वाहून आलेला पालापाचोळा, जलपर्णी त्याला अडकून तिथं दुसरी भिंतच तयार होते. सांडव्याच्या पुढच्या चरीत कुणी शेत वाढवलेलं असतं, कुणी पत्र्याचं शेड टाकलेलं असतं. फूटभर जास्त पाणी मिळतं हे खरंय, पण ते फूटभर पाणी पुराच्या वेळी माथ्यापर्यंतच्या मोकळ्या जागेतून चोरलेलं असतं. हे मला अगदी कळवळून सांगायचंय, दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण जूनच्या आधी सांडवा आणि त्याची चर मोकळी करून घ्या.

तसंच भिंतीच्या पायथ्याजवळ विहीर, शेततळं, मुरूम काढणं, नळयोजनेच्या पाइपलाईनसाठी जेसीबीनं चर खोदणं, हे विभागाला विचारल्याशिवाय होऊ देऊ नका. गाळ काढायचं काम चांगलं आहे, ‘गाळमुक्त धरण’ योजनेत शेतात गाळ टाकून रानं सुधारलीत, पण भिंतीला लागून गाळ काढायचा नसतो. तिथला गाळ पाण्याची वाट लांब करून गळती कमी करत असतो आणि मशीन खोल गेलं तर पायाच उघडा पडतो. किती अंतर सोडायचं ते शाखा अभियंत्याकडून लेखी घ्या आणि जागेवर चुन्यानं रेघ मारून घ्या.

दगडी किंवा काँक्रीटचं धरण असेल तर बघायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या. कोरड्या बाजूवर चुन्याचे पांढरे ओघळ, सांध्यातून उडणारं पाणी, दगडांच्या फटीत उगवलेला पिंपळ. पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीतल्या टेमघरची गळती २०१६ मध्ये गाजली ती अशीच भिंतीतून येणारी होती, मग ग्राउटिंग करून, म्हणजे भिंतीतल्या फटींत सिमेंटचं मिश्रण दाबानं भरून, ती बरीच कमी केली. अशा धरणांची आतली गॅलरी म्हणजे भिंतीच्या पोटातला तपासणीचा बोगदा, दाबमापक वगैरे आपल्या हातातलं नाही.

वही आणि अर्ज

वहीत दर वेळी तारीख, तलावाची पातळी, शेवटचा पाऊस कधी झाला, गळतीचा आकडा, पाणी नितळ का गढूळ, आणि काय बदललंय एवढं लिहा. फोटो दर वेळी त्याच त्याच जागेवरून काढा, त्यासाठी दगडावर रंगाचे आकडे घालून ठेवा. वही ग्रामपंचायतीत ठेवा, एकाच्या घरी नको, सरपंच बदलला तरी वही राहिली पाहिजे.

तक्रार करण्याआधी तलाव कुणाचा आहे ते शोधा, अर्धा वेळ इथंच वाया जातो. साधारण १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडं, त्यापुढं ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडं आणि त्याच्यावरचे जलसंपदा विभागाकडं असतात. उपविभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा, त्याची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच, तोंडी सांगितलेलं कुठंच नोंद होत नाही. अर्जात “धरण धोकादायक आहे” असं मोघम लिहू नका. असं लिहा, “डाव्या टोकापासून १२० मीटरवर, पायथ्यापासून ३ मीटर उंचीवर, सुमारे २ मीटर रुंदीची ओल आहे, अमुक तारखेला पहिल्यांदा दिसली, पाणी गढूळ आहे, फोटो आणि नमुना सोबत.” असा अर्ज बाजूला सारणं अवघड जातं. ग्रामसभेचा ठराव जोडा. उत्तर नाही आलं तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका.

माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागा, गेल्या तीन वर्षांचे मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर तपासणी अहवाल, आणि त्यात सुचवलेल्या दुरुस्त्यांचं पुढं काय झालं. त्रुटींची श्रेणी पण विचारा. श्रेणी १ म्हणजे धरण फुटू शकतं इतकी गंभीर, श्रेणी २ म्हणजे लवकर दुरुस्ती पाहिजे अशी, आणि श्रेणी ३ किरकोळ. आपल्या राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. देशाचा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना भिंतीची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशा काही अटी पुऱ्या होत असतील तर. आपला तलाव त्यात बसतो का ते पण लेखी विचारून घ्या. बसत असेल तर आपत्कालीन कृती आराखडा करणं मालक विभागाला बंधनकारक आहे, त्याची प्रत ग्रामपंचायतीत असायला हवी.

अर्ज नाही, फोन करायची वेळ

गळतीचं पाणी अचानक गढूळ झालं, तलावाच्या पृष्ठभागावर भिंतीजवळ भोवरा दिसला, माथ्यावर खड्डा पडला, उताराचा तुकडा घसरला, किंवा पाणी माथ्याला लागत आलं, यातलं एक जरी दिसलं तरी अर्ज लिहीत बसू नका. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२, आणि शाखा अभियंता, तिघांना फोन करा. भिंतीवर गर्दी करू नका. गढूळ गळतीच्या तोंडावर चिकणमाती किंवा काँक्रीट टाकून ते बुजवायचा प्रयत्न तर अजिबात नको, आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून जास्त जोरात फुटतं. जाणकार माणसं तिथं आधी वाळू, मग खडी, मग मोठे दगड असे थर टाकतात, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती अडून राहते. आपण एवढं करू शकतो की वाळू, खडी, पोती, ट्रॅक्टर जवळ सुरक्षित जागी आणून ठेवायचे, इंजिनिअर आल्यावर त्यांचा एक तास वाचतो. गेट उघडायचा निर्णय पण त्यांचाच, खालच्या गावांना न सांगता पाणी सोडलं तर तिथं वेगळा अनर्थ होतो.

त्याच वेळी खालची वस्ती हलवायची, आणि यासाठी आदेशाची वाट बघायची नाही. नाल्याकाठची घरं पहिली, म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि लहान पोरं पहिली, गुरांची दावी सोडून द्यायची. नाल्याच्या कडेकडेच्या रस्त्यानं पळायचं नाही, बाजूच्या चढाला लागायचं, फरशी पूल ओलांडायचा नाही. खालच्या गावांच्या सरपंचांना, पोलीस पाटलांना फोन करायचे. मोबाईलला रेंज नसते, रात्री लाईट जाते, त्यामुळं देवळाचा भोंगा बॅटरीवर चालतो का ते आत्ताच बघून ठेवा, आणि कुठल्या घरानं कुठल्या टेकाडावर जायचं आणि कुणाच्या दारात कोण जाऊन हाक मारणार ही नावं मे महिन्याच्या ग्रामसभेतच कागदावर ठरवून, तो कागद शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावून टाका.